रीनाचा कोटा आणि आमचा प्लाझा: सिटीने यादीत टाकलं म्हणजे घरं होतात का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात, साउथ बेमध्ये राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरापासून चालत सात मिनिटांवर एक जुना प्लाझा आहे, एकमजली, पुढे भलंमोठं पार्किंग, त्यात आपलं इंडियन ग्रोसरीचं दुकान, एक लाँड्री, एक दातांचा डॉक्टर आणि कोपऱ्यात बंद पडलेली बँक. गेल्या आठवड्यात सिटीकडून पोस्टकार्ड आलं की ही जागा नवीन घरांच्या जागांच्या यादीत टाकून तिचं झोनिंग, म्हणजे तिथे काय बांधता येईल त्याचा नियम, बदलायचंय, ६२ घरं, लोअर इन्कम, पुढच्या मंगळवारी हिअरिंग. झालं, त्या दिवसापासून आमच्या एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नाही. एकाने पिटिशनची लिंक टाकली, दुसरा म्हणतो स्टेटने सिटीचा गळा धरलाय, सिटी तरी काय करणार, तिसरी म्हणते पाच मजली होणार, किमती पडायच्या आत घरं विकून मोकळे व्हा. आणि एक काका आहेत, चाळीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन, ते एवढंच म्हणाले की काहीही होणार नाही, असल्या याद्या दर आठ वर्षांनी होतात, कागद रंगतात आणि प्लाझा जिथल्या तिथे राहतो.

मी एवढी का अस्वस्थ झालेय ते सांगते. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून त्यांचं सगळं करायला एक बाई येते. ट्रेसीहून येते ती. पहाटे पावणेपाचला घर सोडते, कारण उशीर केला की ५८० हायवेवर आल्टमाँट पासला अडकते आणि मग दोन तासांची निश्चिती. ड्युटी साडेसातची असते आणि ती साडेसहालाच आमच्या दारात गाडी लावून बसलेली असते. एकदा मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपली होती, काच आतून श्वासाने धुरकट झालेली. म्हटलं अगं आत ये, चहा घे, सोफ्यावर पड जरा, तर म्हणाली सवय झालीय. सासूबाई मला कधीकधी ओळखत नाहीत, पण तिला नावाने हाक मारतात. अशा माणसाला आपल्या गावात राहायला जागा नाही हे मला खरंच सहन होत नाही, म्हणून ६२ घरं वाचल्यावर मला आनंदच झाला होता, पण काकांचं बोलणं डोक्यातून जात नाहीये.

तर ही रीना रीना म्हणतात ती नक्की भानगड काय आहे, स्टेट खरंच सिटीला भाग पाडू शकतं का, यादीत जागा टाकली म्हणजे तिथे खरंच घरं होतात का, आणि मी हिअरिंगला जाऊन बोलले तर काही उपयोग आहे का? ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा.

नकाशावाला:
काका पूर्ण चूक नाहीत. मी एका प्लॅनिंग कन्सल्टन्सीत अकरा वर्षं काढली, त्यातली निम्मी असल्या याद्या करण्यातच गेली, त्यामुळे आतलं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, सिटी घरं बांधत नाही. स्टेटचा कायदा १९६९ चा आहे आणि तो एवढंच म्हणतो की प्रत्येक गावाने घरं बांधता येतील अशी जागा काढून ठेवायची, म्हणजे झोनिंग करायचं. दर आठ वर्षांनी स्टेटचं हाउसिंग खातं, एचसीडी, प्रत्येक विभागाला आकडा देतं, मग बे एरियात अबॅग नावाची संस्था तो गावागावांत वाटते, ह्या वाटपालाच सगळे रीना (RHNA) म्हणतात. २०२३ ते २०३१ च्या फेरीत बे एरियाला ४,४१,१७६ घरांचा आकडा आला, त्याच्या आधीच्या फेरीत तो १,८७,९९० होता, म्हणजे एकदम दुपटीच्या वर गेला. सॅन फ्रान्सिस्कोला ८२,०६९, सॅन होजेला ६२,२००, पालो आल्टोला ६,०८६, कुपरटिनोला ४,५८८, ॲथरटनसारख्या गडगंज गावाला सुद्धा ३४८. आणि नुसता एकूण आकडा नाही, त्यात व्हेरी लो, लो, मॉडरेट आणि त्याच्या वरचे अशी उत्पन्नाप्रमाणे वाटणी असते. हे सगळं कुठे बसवणार ते गावाने हाउसिंग एलिमेंट नावाच्या दस्तऐवजात लिहून एचसीडीकडून मंजूर करून घ्यायचं.

आता तुमच्या ६२ चं गुपित. माझ्या अंदाजाने प्लाझा दोन एकरांच्या आसपास असणार, बरोबर? कारण कायद्यात असं आहे की आपल्यासारख्या मोठ्या शहरी भागात एकरी निदान ३० घरांची परवानगी दिली की ती जागा लोअर इन्कमच्या खात्यात मोजता येते. दोन एकर गुणिले तीस, झाले साठ-बासष्ट. म्हणजे कुणी बिल्डर आलाय, कुणी परवडणारी घरं बांधायचं कबूल केलंय असं काहीही नाही, दाटी जास्त म्हणून घरं स्वस्त असतील असं कायद्याने गृहीत धरलंय एवढंच. आणि एकरी ३० तीन मजल्यांत आरामात बसतं, परवडणारी घरं दिल्याबद्दल जादा बांधायची सवलत मिळते, तो बोनस घेऊन कुणी जास्त उंच मागू शकतं ते वेगळं, पण पोस्टकार्डावरून पाच मजले कुणी काढले माहीत नाही.

गावं ह्या सगळ्याला कशी तोंड देतात ते मी जवळून पाहिलंय. काही उघड भांडतात. हंटिंग्टन बीचला १३,३६८ चा आकडा होता, ते म्हणाले आम्ही चार्टर सिटी, म्हणजे स्वतःची सनद असलेलं गाव, स्टेटचं आमच्यावर चालत नाही, थेट फेडरल कोर्टात गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्या अपील कोर्टात, नाइन्थ सर्किटमध्ये सुद्धा हरले. काही पळवाट शोधतात. एका प्लॉटवर दोन घरं किंवा प्लॉटचे दोन तुकडे करू देणारा एसबी ९ कायदा २०२२ च्या जानेवारीत लागू झाला आणि त्याच महिन्यात वुडसाइडने जाहीर केलं की आमचं अख्खं गाव माउंटन लायनचा अधिवास आहे म्हणून आम्हाला हा कायदा लागू नाही. ॲटर्नी जनरल रॉब बाँटा यांनी कडक पत्र पाठवल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. पण भांडणारी आणि पळवाटवाली गावं थोडी. बहुतेक गावं तिसरंच करतात, ते म्हणजे गोड बोलून कागद पूर्ण करायचा. जिथे काहीच होणार नाही अशा जागा यादीत टाकायच्या. चालू दुकानं, भाडेकरूंनी भरलेली ऑफिसं, ज्याच्या मालकाला कुणी फोन सुद्धा केलेला नाही असे प्लॉट. मी स्वतः अशा जागांची टेबलं भरलीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्टेटकडे आता दात आहेत हे मात्र खरं. गावाचं एलिमेंट वेळेत मंजूर नसेल तर बिल्डर्स रेमेडी लागते, म्हणजे ठरावीक टक्के परवडणारी घरं देणारा प्रोजेक्ट तुमच्या झोनिंगमध्ये बसत नाही एवढ्या कारणावरून नाकारता येत नाही. सँटा मोनिकाला २०२२ मध्ये असे चार हजारांहून जास्त घरांचे अर्ज एकगठ्ठा आले. बेव्हर्ली हिल्सला डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की एलिमेंट नीट होईपर्यंत नवीन घरं सोडून बाकीची बांधकाम परमिटं देऊ नका. तिथे ज्याला नुसतं किचन नवीन करायचं होतं त्याच्याही पोटात गोळा आला.

आता तुमच्या प्लाझाचा नंबर आठ वर्षांच्या मध्येच का लागला? मला वाटतं यादीतल्या दुसऱ्या एखाद्या जागेवर, जी लोअर इन्कम म्हणून मोजली होती, तिथे बाजारभावाची टाउनहाउसेस झाली असणार. तसं झालं आणि उरलेल्या जागांत कोटा बसत नसेल तर १८० दिवसांत बदली जागा द्यावी लागते, नो नेट लॉस म्हणतात त्याला. घाईत जवळचा प्लाझा उचललाय. ताई, दुकानदाराला एकच गोष्ट विचारा, लीज कधीपर्यंतचं आहे. कारण चालू वापरातली जागा मोजायची असेल तर तिथले भाडेकरार आड येतात का हे सिटीने तपासायचं असतं, तसं कायद्यातच लिहिलंय.

गुलमोहर_लेन:
माझं मत वेगळं आहे आणि मी ते प्रामाणिकपणे मांडतोय, कुणी लगेच अंगावर येऊ नका. आम्ही दोघांनी बारा वर्षं पोटाला चिमटा काढून, एका गाडीवर भागवून डाउन पेमेंट जमवलं आणि ह्याच गावात घर घेतलं ते इथली शांतता आणि शाळा बघून. आता स्टेटच्या राजधानीत, सॅक्रामेंटोमध्ये बसलेले लोक ठरवणार की माझ्या गल्लीच्या टोकाला काय उभं राहील, आणि मी ज्यांना मत देतो त्या कौन्सिलच्या हातात काही नाही, हे मला पटत नाही.

आणि प्लाझाबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, गाडी चालवत नाहीत, रोज संध्याकाळी काठी घेऊन त्या ग्रोसरीपर्यंत चालत जातात, कोथिंबीर घेतात, दुकानदाराशी गुजरातीत चार शब्द बोलतात आणि परत येतात. दिवसातलं तेवढंच एक बाहेरचं बोलणं आहे त्यांचं. ते दुकान गेलं तर त्यांनी कुठे जायचं? शाळेत गर्दी, रस्त्यावर पार्किंग, ह्याचं उत्तर पण कुणी देत नाही, बोललं की आम्हाला गरिबांचे दुश्मन ठरवतात.

पाटीपेन्सिल:
गुलमोहर दादा, तुम्हाला दुश्मन कोण म्हणेल, तुमच्या वडिलांचं वाचून मला माझे बाबा आठवले. पण मी त्या लोअर इन्कममधली आहे म्हणून माझी बाजू लिहिते.

मी शाळेत स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात एड, म्हणजे मदतनीस आहे, नवरा एअरपोर्टवर शिफ्टमध्ये, दोन मुलं. सँटा क्लारा काउंटीत २०२४ साली चार माणसांच्या घराचं मधलं उत्पन्न १,८४,३०० डॉलर धरलं होतं. त्याच्या साधारण ८० टक्क्यांच्या खाली असलात की लो इन्कम, ५० च्या खाली व्हेरी लो. म्हणजे वर्षाला एक लाख चाळीस हजार कमावणारं कुटुंब पण ह्यात येतं, आणि शाळेत मुलांना घास भरवणारी मी पण येते. लोअर इन्कम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं कोण जाणे, प्रत्यक्षात तुमच्या मुलीची बालवाडीची टीचर येते, फार्मसीत औषध देणारा मुलगा येतो.

बीएमआर, म्हणजे बाजारभावापेक्षा कमी दराच्या घरासाठी आम्ही चार वर्षं थांबलो. दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँकेचं प्रत्येक पान, खात्यात बहिणीने वाढदिवसाला टाकलेल्या दोनशे डॉलरचं सुद्धा लेखी स्पष्टीकरण. एका वर्षी लॉटरीत नंबर लागला आणि नवऱ्याचा ओव्हरटाइम धरल्यामुळे आम्ही लिमिटच्या काहीशे डॉलर वर गेलो, घर हातातून गेलं. तो ओव्हरटाइम त्याने डिपॉझिट जमवायला केला होता. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. पुढे दीड वर्षाने दुसरीकडे मिळालं, दोन बेडरूमचं. किल्ली मिळाली त्या दिवशी धाकटा रिकाम्या कपाटात जाऊन बसला, दार ओढून घेतलं आणि आतून ओरडला, आई ही माझी खोली! तोपर्यंत आम्ही चौघं एका खोलीत झोपत होतो.

आणि गावाच्या हातात सोपवलं की काय होतं ते पालो आल्टोला बघा. २०१३ मध्ये तिथे मेबेल अव्हेन्यूवर कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी ६० फ्लॅट आणि सोबत १२ साधी घरं होणार होती, कौन्सिलने मंजुरी पण दिली होती. शेजाऱ्यांनी सह्या गोळा करून निवडणुकीत नेलं, मेझर डी, आणि लोकांनी मत देऊन पाडलं. नंतर त्या जमिनीवर सोळा मोठी घरं मंजूर झाली, बाजारभावाची. साठ म्हातारी माणसं. मला तो आकडा विसरता येत नाही. त्याच पालो आल्टोत आता ग्रँट अव्हेन्यूवर काउंटीच्या जमिनीवर शिक्षकांसाठी ११० फ्लॅटची इमारत उभी आहे, म्हणजे मनावर घेतलं तर होतं, पण तिथे जमीन सरकारी होती हे लक्षात घ्या.

सिंहगडरोड:
मी पुण्यात असतो, कॅलिफोर्नियाचं एवढं बारीक माहीत नव्हतं, पण वाचताना सारखं आपल्याकडचं आठवत होतं म्हणून लिहितोय. आपल्याकडे पण राज्य सरकारने २०१३ मध्ये नियम केला, दहा लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर स्कीम टाकली तर २० टक्के घरं छोटी ठेवायची आणि ती म्हाडाच्या लॉटरीतून जायची. इथे मोठा फरक असा की आपल्याकडे बोजा बिल्डरवर टाकलाय, तुमच्याकडे गावावर. पण दोन्हीकडे मधला दुवा गावच, कारण प्लॅन मंजूर करणारी महापालिका, तिने म्हाडाला कळवलंच नाही तर म्हाडाला कळणार कुठून. नाशिकच्या बाबतीत २०२२ मध्ये हे प्रकरण विधान परिषदेपर्यंत गेलं, तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी उत्तर दिलं, आणि शेवटी तिथल्या आयुक्तांच्या बदलीपर्यंत गोष्ट गेली.

आणि ४,००० ची रेघ मारली की लोक ३,९०० वर येऊन थांबतात, हा माणसाचा स्वभाव आहे. आमच्या भागात एकाच मालकाची सलग जमीन, मधे नुसता पत्रा मारलाय, दोन वेगळे प्लॉट म्हणून दोन वेगळ्या स्कीम. माझ्या मावसभावाला ह्या २० टक्क्यांतला फ्लॅट लागला, तो खूश आहे, आता ज्या सोसायटीत राहतो तिथे त्याला एरवी पार्किंग सुद्धा परवडलं नसतं. पण त्यांच्या विंगला वेगळं गेट आहे आणि बागेतून जायचा रस्ता साखळी लावून बंद केलाय. त्याची मुलगी साखळीच्या ह्या बाजूला सायकल चालवते. तुमच्याकडे घरं झाली तर तेवढं बघा की आत गेल्यावर साखळी नको.

नकाशावाला:
साखळीचं वाचून थांबलो जरा.

गुलमोहरभाऊ, तुमचे मुद्दे खोटे नाहीत, एकेक घेतो. शाळेत गर्दी ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता उलटं चाललंय, घरं इतकी महाग की लहान मुलं असलेली कुटुंबं येतच नाहीत. कुपरटिनो युनियन डिस्ट्रिक्टने २०२२ मध्ये मुलं कमी झाली म्हणून प्राथमिक शाळा बंद केल्या, ज्या डिस्ट्रिक्टसाठी लोक जीव टाकायचे तिथे. दुकानाचं म्हणाल तर खाली दुकान वर घरं असं झोनिंग सिटी मागू शकते, ते हिअरिंगमध्ये मागा, तुमच्या वडिलांचं उदाहरण देऊनच मागा, प्लॅनिंग कमिशनला असं ऐकायला मिळत नाही. आणि तुमची सही पिटिशनवर असो नसो, लीजचा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे.

आता ज्याबद्दल स्टेटला मी माफ करत नाही ते सांगतो. आकडा दिला, दंडुका दिला, पैसा पुरेसा दिला नाही. व्हेरी लो उत्पन्नाच्या माणसाचं भाडं घेऊन इमारतीचा खर्च निघत नाही, मधली फट कुणीतरी भरावी लागते. आपल्या काउंटीत २०१६ च्या मेझर ए मधून, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडमधून, ९५ कोटी डॉलर आले म्हणून बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या. अख्ख्या बे एरियासाठी २,००० कोटी डॉलरचं बाँड २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदानाला येणार होतं, ते ऑगस्टमध्येच मागे घेतलं गेलं. त्यामुळे गावं जेव्हा म्हणतात की आम्ही झोनिंग केलं पण घरं कोण बांधणार, तेव्हा त्यात तथ्य असतं. फक्त हेच वाक्य खोट्या जागा झाकायला पण वापरलं जातं, आणि दोन्हींतला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही.

कुपरटिनोचा व्हॅलको मॉल घ्या. २०१८ मध्ये एसबी ३५ कायद्याखाली, जो नियमात बसणारा प्रोजेक्ट झटपट मंजूर करायला लावतो, २,४०२ घरं मंजूर झाली, निम्मी परवडणारी. विरोधकांनी दावा लावला, २०२० मध्ये कोर्टाने प्रोजेक्टच्या बाजूने निकाल दिला. मॉल पाडला आणि जमीन वर्षानुवर्षं मोकळी पडली. पुढे प्लॅन बदलत बदलत २,६६९ घरं आणि त्यात परवडणारी ८९० वर आला. म्हणजे कायदा होता, जागा होती, कोर्टात जिंकले, तरी परवडणारी तीनशेच्या वर घरं वाटेतच गळाली. माझ्या मते ही सगळी वर्षं फुकट गेली आणि ती कुणाला परत देता येत नाहीत.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आकड्यावर वाद घालू नका, जागा बघा. यादीतल्या प्रत्येक जागेपुढे उभं राहून विचारा की २०३१ च्या आत इथे घर होईल का, होणार असेल तर कोण बांधणार. सिटीची स्वतःची जमीन असेल तर ती सगळ्यात खरी, कारण मालक समोर बसलेला असतो. चर्चची जमीन पण बघा, एसबी ४ नावाच्या कायद्यामुळे २०२४ पासून धार्मिक संस्थांना स्वतःच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायला वेगळं झोनिंग लागत नाही. ताई, तुमच्या गावात असं काही आहे का? आणि हिअरिंगला बोललात तरी तेच एचसीडीला ईमेलने पण पाठवा, ते लोक वाचतात, मला माहीत आहे कारण आमच्या टेबलांवर त्यांचे प्रश्न यायचे ते बरेचदा कुणा रहिवाशाच्या पत्रावरून आलेले असायचे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोनदा वाचलं सगळं.

आज दुकानात जाऊन आले. मेथीच्या जुड्या उतरत होत्या, भाई स्वतःच गल्ल्यावर होते, मी सरळ विचारलं. त्यांचं लीज २०३४ पर्यंत आहे, तीन वर्षांपूर्वीच नवीन केलंय आणि त्यात स्वतःच्या पैशाने मागे मोठा कोल्ड स्टोरेज बसवलाय, मला नेऊन दाखवला. लाँड्रीवालीचं पण तेवढंच लांबचं आहे म्हणाले. सिटीतून कुणी विचारायला आलं होतं का म्हटलं तर म्हणाले नाही, तुम्हीच पहिल्या, आम्हाला पण ते पोस्टकार्डच आलं. म्हणजे ही फेरी संपते २०३१ ला आणि लीज संपतं २०३४ ला. ६२ घरं कागदावर आहेत आणि त्या जागी पुढची आठ वर्षं मेथीच राहणार. काका बरोबर होते.

पण नकाशावाला दादा, तुम्ही सिटीची जमीन म्हणालात आणि मला एकदम लायब्ररीमागचं पार्किंग आठवलं. तिथे मी मुलीला सायकल शिकवलीय, कारण ते कधी अर्धं पण भरत नाही. रात्री जेवण झाल्यावर नवऱ्याला घेऊन गेले, पावलांनी मोजलं, साधारण एक एकर भरेल. सिटीच्या नकाशावर बघितलं तर मालक सिटीच. ते यादीत कुठेच नाही. मला हे कळेना की समोर स्वतःची रिकामी जमीन असताना दुसऱ्याच्या चालत्या दुकानावर ६२ चा आकडा का लिहिला, मंगळवारी मी हेच विचारणार आहे. प्लाझाला विरोध करायचा नाही असं ठरवलंय, खाली दुकान वर घरं असं उद्या मालकाने केलं तर चांगलंच, पण ह्या फेरीत ते मोजू नका आणि लायब्ररीमागची जागा टाका, एवढं दोन मिनिटांत बोलायचंय. गुलमोहर दादा, तुम्ही ह्याच गावातले आहात असं मला वाटतंय, कोथिंबीर घेणारे काठीवाले आजोबा मी पाहिलेत. तुम्ही आलात आणि दुकानाचं तुम्ही बोललात तर बरं होईल.

आमच्याकडच्या बाईला पण सांगितलं. ती म्हणाली मंगळवारी ड्युटी पाचला संपते, हिअरिंगला थांबले तर घरी पोहोचायला दहा वाजतील आणि परत पहाटे उठायचंय. मग सासूबाईंचं जेवण होईपर्यंत टेबलाशी बसून तिने सात ओळी लिहून दिल्या, स्पॅनिशमध्ये. मुलगी शाळेत स्पॅनिश शिकते, ती त्या इंग्लिशमध्ये करून देतेय, दोन्ही कागद मी नेणार आहे. पावणेसातला सुरू होतं, आमचा विषय सातवा आहे, स्पीकर कार्ड आत शिरताना भरायचं असतं म्हणे. लीजच्या तारखा भाई उद्या सही करून लिहून देतो म्हणालेत, त्या मिळाल्या की एचसीडीला पाठवते.